सतरा सप्टेंबर, अकरा घोडी आणि एक तट्टू

आधीच सांगून टाकते, मला घोड्यावर बसता येतं म्हंजे पडत नाही एवढंच. एक्केचाळिसाव्या वर्षी शिकले, शनिवार-रविवार बँकेला सुट्टी असली की शहराबाहेर एका चाचांकडं जायचे, तासाला ठरलेले पैसे द्यायचे आणि त्यांच्या वरातीच्या घोडीवर बसून गोल गोल फिरायचे. वरातीची घोडी म्हंजे लग्नात नवरदेव बसतो तीच. पांढरी शुभ्र, नाक गुलाबी, डोळे निळसर, बाजारात हिला नुकरा म्हणतात. आमच्या ब्रँचमधे ही बातमी फुटल्यावर शिपायापासून मॅनेजरपर्यंत प्रत्येकानं एकदा तरी विचारून घेतलं की मॅडम, नवरदेव कुठाय.

तर अशा माझ्यासारख्या दहा-अकरा अर्धवट लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एक जनावरांचे डॉक्टर, एक दातांचे डॉक्टर, दोघं शेतकरी भाऊ ज्यांची स्वतःची घोडी आहेत, एक कॉलेजचा पोरगा, एक निवृत्त हेडमास्तर, बाकी आम्ही सगळे भाड्याचे. जुन्या फौजेत घोडा आणि हत्यार स्वतःचं असेल तो शिलेदार, सरकारच्या पागेतला घोडा मिळायचा तो बारगीर. त्या हिशेबानं दोघं भाऊ शिलेदार आणि मी बारगीर. मला हा शब्द फार आवडला, मी ग्रुपवर नावच तसं ठेवलं.

२०२३ च्या ऑगस्टमधे कुणीतरी टाकलं की सतरा सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्रामाला पंच्याहत्तर वर्षं होतायत, अमृत महोत्सव आहे, शहरात मंत्रिमंडळाची बैठक पण होणारे, आपण काहीतरी करायचं का. आणि रविवार पण आहे. या 'रविवार पण आहे' वर सगळं ठरलं, खरं सांगायचं तर. दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ अशी जेमतेम पंचवीस किलोमीटरची सवारी, पहाटे निघायचं, वाटेत कुठंतरी झेंडावंदन, दुपारी वेरूळला जेवण, घोडी टेम्पोतून परत.

मराठवाड्याबाहेरच्या लोकांना हा दिवस बऱ्याचदा माहीतच नसतो, माझ्या पुण्यातल्या वहिनीला मी दरवर्षी सांगते आणि ती दरवर्षी म्हणते अय्या हो का. १५ ऑगस्ट १९४७ ला देशभर तिरंगा लागला तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं, हैदराबाद संस्थान, त्यात तेलंगण, कर्नाटकातले काही जिल्हे आणि मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे. तिरंगा लावणं हा गुन्हा. स्वामी रामानंद तीर्थांनी आणि स्टेट काँग्रेसनं लढा पुकारला, कासिम रझवीचे रझाकार, म्हंजे निजामाच्या बाजूची खाजगी फौज, गावोगाव सुटले, आणि शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला भारताचं सैन्य आत आलं, यालाच पोलीस ॲक्शन म्हणतात, आणि सतराला निजामानं शरणागती जाहीर केली. म्हंजे आम्हाला स्वातंत्र्य तेरा महिने आणि दोन दिवस उशिरा. (आमचे जनावरांचे डॉक्टर इथं दरवेळी म्हणतात की सैन्याच्या पातळीवरची शरणागती अठराला झाली, जनरल चौधरींसमोर. बरोबरच आहे त्यांचं, पण सुट्टी सतराला असते.)

तयारीत जी भांडणं झाली ती काय सांगू. एका गटाला भगवे फेटे, एका गटाला तिरंगी, दातांच्या डॉक्टरांना कमरेला तलवार पायजे होती आणि कॉलेजच्या पोराला पुढं ताशा. ताशाला जनावरांच्या डॉक्टरांनी एका वाक्यात मारलं, म्हणाले शेतातली घोडी बुजून चौखूर उधळली तर पडलेल्यांचे टाके मी नाही घालणार, माझी डिग्री तुमच्यावर चालत नाही. तलवारीवर तीन दिवस चर्चा झाली. मग हेडमास्तर म्हणाले, मुक्तिसंग्रामात तलवार कुणी घेतली होती ते एक नाव सांगा, मग आणा. तलवार रद्द. फेट्यांचं शेवटी ज्याला जो मिळेल तो असं झालं, मी आईची जुनी कॉटनची साडी फाडून बांधला.

मी यात काहीच बोलले नाही. कारण माझ्या डोक्यात वेगळंच सुरू होतं आणि ते ग्रुपवर टाकण्यासारखं नव्हतं.

माझी आजी, आईची आई, हदगावकडची. पैनगंगेच्या काठापासून कोसभर आत त्यांचं गाव. नदीच्या अलीकडं मोगलाई, म्हंजे निजामाचं राज्य, आणि पलीकडं इंग्रजी, तिच्या भाषेत जगाचे दोनच भाग. पलीकडचं वऱ्हाड इंग्रजांकडं होतं म्हणून इंग्रजी, इंग्रज गेल्यावर पण ती तेच म्हणायची. सन अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात ती आठ वर्षांची होती. तिच्या वडलांवर कुणीतरी चुगली केली होती की हे लोक स्टेट काँग्रेसवाल्यांना भाकरी पोचवतात. खरं होतं का खोटं, तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. पण शेजारच्या गावात घरं जाळली आणि दुसऱ्या रात्री हे लोक निघाले, उमरखेडच्या कॅम्पाकडं. सीमेवर असे कॅम्प होते, पळून आलेल्या लोकांचे आणि तिथूनच लढणाऱ्यांचे.

घरात एक घोडी होती. हरणी. बाजाराला ज्वारी न्यायची, लग्नाला पाहुणे आणायची, अशी कामाची घोडी. तिच्या पाठीवर आजी, आजीचा तीन वर्षांचा भाऊ आणि एक भांड्यांचं गाठोडं. बाकी सगळे पायी. आणि मग आजी ते वाक्य म्हणायची, दरवेळी त्याच शब्दांत, जसं काय पाठ केलेलं. "हरणीच्या खुरांला गोणपाट बांदलं व्हतं माय, आन् भावाच्या तोंडाला माज्या हाताचं झाकण." दगडावर टाप वाजू नये म्हणून गोणपाट, पोरगं रडू नये म्हणून हात. नदीला तेव्हा गुडघाभर पाणी. पाण्यात गोणपाट भिजून जड झालं आणि हरणी मधेच उभी राहिली, हलेना. पणजोबांनी वाकून पाण्यातच चारी खुरांची गोणपाटं सोडली. आजी म्हणायची, "ती चार गोणपाटं वाहून गेलेली मला दिसायलीत आजून."

लहानपणी आम्ही नांदेडला राहायचो, स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर, रात्रीच्या गाडीसाठी टांगे जायचे. आजी आमच्याकडं राहायला आली की झोपेत टापांचा आवाज ऐकून पुटपुटायची, दिवा फुक. ट्यूबलाईट होती आमच्याकडं. आई उठून बंद करायची आणि टांगा गेला की परत लावायची कारण मी अंधारात घाबरायचे. रात्री घोड्यावरून येणारा माणूस म्हंजे रझाकार नायतर जप्तीवाला नायतर निजामाचा पोलीस, चौथं कुणी घोड्यावरून येतं हे तिला माहीतच नव्हतं. आणि मी तिची नात, पैसे भरून तासावर घोडी घेतेय. ती जाऊन सहा वर्षं झाली होती तेव्हा. बरं झालं का वाईट झालं, तिनं मला खोगिरावर पाह्यलं नाही.

तर सतरा तारखेला पहाटे साडेचारला पागेत पोचले. पागा म्हंजे पत्र्याची शेड, पण चाचा पागाच म्हणतात. त्यांच्या घरात तीन पिढ्या हाच धंदा, आधी टांगे, टांगे बंद पडले तशा वराती. कंदिलासारख्या पिवळ्या बल्बखाली ते घोडीला खरारा करत होते आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होते, मी आधी समजायचे दुवा वगैरे म्हणतात, नंतर कळलं उधारीचा हिशेब करतात. घोडीच्या म्होरकीला त्यांनी तिरंगी रिबन बांधली होती, लग्नात उरलेल्या झुलीला शिवलेल्या टिकल्या पण तशाच होत्या.

तंग आवळायला मी आता शिकलेय. घोडी पोट फुगवून उभी राहते, तुम्ही पट्टा आवळता, तुम्हाला वाटतं झालं, मग ती श्वास सोडते आणि दहा मिनिटांनी खोगीर तुमच्यासकट बाजूला. म्हणून दोनदा आवळायचा, एकदा निघताना, एकदा थोडं चालल्यावर. चाचांचं म्हणणं, घोडी आणि गिऱ्हाईक दोघंही पहिल्यांदा पोट फुगवतात.

शरणापूरच्या पुढं उजाडत होतं. त्या वर्षी ऑगस्ट कोरडा ठाक गेलेला, मका कमरेएवढ्याच होत्या आणि कपाशी खुरटलेली, पण सप्टेंबरात थोडा पडला होता म्हणून डोंगर तेवढे हिरवे. पोळा होऊन तीनच दिवस झालेले, बैलांच्या शिंगांना रंग तसाच. अकरा घोडी एका रांगेत, पुढं शिलेदार, मधे आम्ही बारगीर, मागं चाचांचा पुतण्या मोटारसायकलवर पाण्याचे कॅन घेऊन. घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागतं, उन्हात जास्तच. आणि पाणी वेळेवर नाही मिळालं तर पोटात दुखायला लागतं आणि घोड्याचं पोटदुखीचं प्रकरण फार वाईट, कारण त्याला ओकताच येत नाही. डॉक्टरांनी हे आम्हाला इतक्या वेळा सांगितलंय की मी स्वतःसुद्धा जास्त पाणी प्यायला लागले.

घोड्यावरून आपल्याच रोजच्या रस्त्याकडं बघणं हा काय प्रकार आहे ते सांगता येत नाही नीट. याच रस्त्यावरून मी शंभर वेळा गेले असेन गाडीनं, पाहुणे आले की दौलताबाद-वेरूळ दाखवायचं हे आम्हा शहरवाल्यांचं कर्तव्यच आहे. पण घोडं चालीनं तासाला सहा-सात किलोमीटर जातं. त्यामुळं किल्ला दिसायला लागला तो दिसतच राहिला. अर्धा तास समोर, नुसता तासलेला कडा, जवळच येईना. देवगिरीचे यादव, मग खिलजी, मग तुघलकानं दिल्लीहून राजधानीच उचलून आणली, मग निजामशाही, मोगल, निजाम. पण घोड्यावरून बघताना पहिल्यांदा माझ्या डोक्यात हे आलं की हे सगळे लोक असेच आले असणार, याच गतीनं, आणि किल्ल्यावरच्या माणसांना ते असेच अर्धा दिवस आधी दिसले असणार, धुळीसकट. वाट बघण्यातच निम्मी लढाई होत असेल.

किल्ल्याजवळ एक धनगराचं पोर आमच्यात मिसळलं. विशीतलं, डोक्याला लाल मुंडासं, खाली जीन्स. त्याचा वाडा, म्हंजे मेंढरांचा तळ, जवळच पडला होता. आणि त्याच्याखाली एक बुटकी तपकिरी घोडी, पोटाशी गोल, आयाळ विस्कटलेली, पाठीवर खोगीर नाही, नुसती घोंगडी. आमच्या उंच मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांपुढं ती अगदी खेळण्यातली वाटत होती. दातांचे डॉक्टर हसले. जनावरांचे डॉक्टर मात्र खाली उतरले, तिचे पाय हातानं चाचपले, खूर उचलून बघितले आणि म्हणाले, हसू नका, आपल्या सगळ्यांत खरी इथली हीच आहे. ही भीमथडी.

भीमा नदीच्या खोऱ्यातली ही जात, थड म्हंजे काठ, म्हणून भीमथडी. अरबी घोडी आणि इकडची दख्खनी यांच्या संकरातनं झाली म्हणतात. मराठ्यांची फौज यांच्यावर दौडली, मूठभर दाण्यावर आणि मिळेल त्या चाऱ्यावर दिवसभर चालायची, डोंगरात चढायची. फौजा संपल्यावर या घोड्यांना कुणी विचारलं नाही, सांभाळली ती धनगरांनी, मेंढरांमागं बिऱ्हाड वाहायला. कोंबड्या, करडं, लेकरं, भांडी, सगळं हिच्या पाठीवर. अलीकडं तिला स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद मिळालीये, देशातली आठवी. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या बाजारात लोक लाखोंच्या मारवाडी घोड्यांसोबत सेल्फी काढतात, देवमण म्हंजे गळ्यावरचा शुभ भोवरा बघतात, चारी पाय आणि तोंड पांढरं असलेली पंचकल्याणी बघतात, हिच्याकडं कोण बघणार.

मी बघत होते. भांडी, लेकरं, गाठोडं. हरणी अशीच असणार, दुसरी कशी असेल?

दौलताबादचा जुना दरवाजा ओलांडताना माझी फजिती झाली ती पण लिहिते. दगडी दरवाजा अरुंद, एका वेळी एकच मोठी गाडी जाते, समोरून एसटी, मागून रिसॉर्टला निघालेल्या कार, सगळे हॉर्न एकदम. मी उतरले आणि लगाम धरून पायी गेले. डांबरावर नाल घसरतो हे एक, आणि मला भीती वाटली हे दुसरं, खरं कारण दुसरं. नुकऱ्याला मात्र काही फरक पडला नाही, डीजेच्या भिंतीपुढं चार चार तास उभी राहणारी ती, तिला एसटीचा हॉर्न म्हंजे काय. पण घाटात रस्त्यावर उडून आलेली एक निळी कॅरीबॅग बघून ती अशी बाजूला उडाली की माझी एक रिकीब सुटली.

घाट चढून वर आलो, मुख्य रस्ता सोडला आणि आडवाटेला एका गावाच्या जिल्हा परिषद शाळेत झेंडावंदनाला थांबलो. हेडमास्तरांच्या ओळखीची शाळा. सत्तर-ऐंशी पोरं, तीन मास्तर, चुन्यानं आखलेलं मैदान. घोडी कुंपणाबाहेर उभी केली. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, मग राज्यगीत. त्या वर्षीच्या शिवजयंतीपासून राज्यगीत सुरू झालंय त्यामुळं पोरांना नवं नवं आणि जोरात. त्यात भीमथडीच्या तट्टांना यमुनेचं पाणी पाजायची ओळ येते ना, ती आली आणि कुंपणाबाहेरून नेमकी ती बुटकी घोडी फुरफुरली. पहिल्या रांगेतल्या चार पोरी गाणं सोडून मागं बघायला लागल्या. नंतर त्यातल्या एकीनं धनगराच्या पोराला येऊन विचारलं, हेच का ते तट्टू? तो म्हणाला हौ. तिनं विचारलं, मग यमुनेचं पाणी पेलं का? तो म्हणाला, पैठणपर्यंत गेलती, गोदावरीचं पेलंय.

मग लेझीम सुरू झालं आणि ढोल वाजला आणि मला जे व्हायला नको होतं तेच झालं. नुकरा नाचायला लागली. पुढचे दोन पाय आलटून पालटून, मान झुकवून, अगदी वरातीतल्यासारखी. चाचांच्या पुतण्याच्या हातात लगाम, तो लाजून लाल. पोरांनी लेझीम सोडून टाळ्या पिटल्या. एका मास्तरांनी हुतात्म्यांबद्दल बोलायचं होतं, गोविंदराव पानसरेंपासून सुरुवात करणार होते, कागद हातात, पण कुणी ऐकेना. शेवटी त्यांनी कागद खिशात घातला आणि मोबाईल काढून शूटिंग करायला लागले. मला आधी वाईट वाटलं. पण मग वाटलं, या पोरांच्या पणजोबांना सुद्धा तो काळ आठवत नसेल, त्यांना काय आठवावं असं आपण सांगायचं. नाचणारी घोडी तरी आठवेल. यावर हेडमास्तर आणि मी नंतर भांडलो, ते म्हणाले घोडी आठवेल, सतरा सप्टेंबर नाही आठवणार. आमचं अजून मिटलेलं नाही.

तिथून सुलीभंजनच्या बाजूनं माळ लागतो. मोकळा, दगडाळ, वारा. शिलेदार भावांनी घोडी सोडली, एकदम भरधाव, कॉलेजचा पोरगा पण त्यांच्यामागं. मी दुडकीवरच होते, दुडकीत बसणं जमलं नाही की दात एकमेकांवर आपटतात. चाचा माझ्या बाजूनं, त्यांच्या काळ्या घोड्यावर, त्याची रेवाल चाल, खाली पाय चाललेत पण वरचा माणूस हलत नाही, हातात चहाचा कप दिला तरी सांडायचा नाही.

मी त्यांना हरणीची गोष्ट सांगितली. का सांगितली माहीत नाही, आईखेरीज कुणाशी बोलले नव्हते. गोणपाटाचं पण सांगितलं. ते ऐकत होते, मधे काही बोलले नाहीत. मग बऱ्याच वेळानं म्हणाले, आमच्या घरात ही तारीख कुणी काढत नाही. आमचे दादा, म्हंजे आजोबा, उस्मानाबादकडचे. पोलीस ॲक्शनच्या टायमाला बारा वर्षांचे. घरात अकरा माणसं होती, इथं शहरात पोचले तीन. रझाकार-बिझाकार कुणी नव्हतं आमच्यात, घोड्याला नाल मारायचा धंदा. "तुमच्या नानीला घोडी तरी होती मॅडम, आमचे दादा पैदल आले."

मला काय बोलावं सुचेना. मी शाळेत जे शिकले त्यात सतरा तारखेला धडा संपतो, सगळीकडं झेंडे लागतात आणि पुढचा धडा. त्यानंतरच्या आठवड्यांत काय काय झालं, खेड्यांमधून मुसलमानांना कसं मारलं, ते बघायला नेहरूंनी पंडित सुंदरलालांची समिती पाठवली होती, तिनं किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसं गेली असा अंदाज दिला आणि तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढं आलाच नाही. हे मी खूप उशिरा वाचलं, नोकरीला लागल्यानंतर. वाचून बाजूला ठेवलं होतं. वाचणं सोपं असतं, इथं माणूस बाजूला घोड्यावर होता आणि त्यानंच सकाळी माझ्या घोडीला तिरंगी रिबन बांधली होती.

मी विचारलं, मग तुम्ही आज का आलात?

ते म्हणाले, अकरातली सहा घोडी माझी हैत मॅडम, मी नाही येणार तर कोण येणार. आणि मग लगेच, तुमचा तंग ढिल्ला झालाय, उतरा.

खरंच ढिला झाला होता. मी उतरले, त्यांनी आवळला, परत चढले. पुढं त्या विषयावर आम्ही बोललो नाही, त्या दिवशी तरी.

खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे, रस्त्यापासून जरा बाजूला, तिकडं कुणी फिरकत नाही. आम्ही थांबलो, कारण घोड्यावरच्या माणसानं तिथं थांबायलाच पायजे असं माझं मत. हबशी, गुलाम म्हणून विकलेलं पोर, ते निजामशाहीचा वजीर झालं आणि आमचं शहर, तेव्हाचं खडकी, त्यानं १६१० मधे वसवलं. मोगलांच्या जड फौजेला त्यानं हलक्या घोडदळानं जेरीस आणलं आणि त्या घोडदळात मराठे बारगीर होते. भातवडीच्या लढाईत १६२४ ला शहाजीराजे त्याच्या बाजूनं. दोन वर्षांनी तो गेला. दातांच्या डॉक्टरांनी फेटा काढून हातात घेतला आणि शांत उभे राहिले, तलवारीचं सगळं माफ केलं मी त्यांना तिथं.

वेरूळपर्यंतचा उतार लवकर संपला किंवा माझ्या मांड्या इतक्या बधिर झाल्या होत्या की मला तसं वाटलं. मालोजीराजांच्या गढीजवळ, शहाजीराजांचं जन्मस्थान म्हणतात ते, झाडाखाली घोडी बांधली, खोगिरं उतरवली. खोगीर उतरवल्यावर घोडं जमिनीवर लोळतं ते बघण्यासारखं असतं, चारी पाय वर, सगळा रुबाब मातीत. नुकरा तर पांढऱ्याची तांबडी झाली. तोबरे चढले, हरभरा आणि भुस्सा, आणि आम्हाला पिठलं, भाकरी, ठेचा. सगळे एकदम गप्प जेवत होते, घोडी आणि माणसं.

परतीला टेम्पो आला. मोठी घोडी सवयीची, लाकडी फळीवरून धाडधाड चढली. धनगराच्या पोराचा वाडा परत दौलताबादकडं, म्हणून चाचा म्हणाले तुझीपण टाक हिच्यातच, आता उन्हात कुठं जातोस. पण ती बुटकी काही चढेना. टेम्पो तिनं जन्मात बघितला नव्हता. फळीवर पुढचा खूर ठेवायची, पोकळ आवाज यायचा, लगेच मागं. परत खूर, परत आवाज, परत मागं. पोरानं ओढून बघितलं, शिलेदार भावांनी मागून ढकललं, कॉलेजच्या पोरानं पेरू दाखवला. कान मागं टाकून ती नुसती उभी, डोळ्यांचे पांढरे दिसायला लागले.

चाचा म्हणाले, मारू नका तिला, तिला आवाजाचं भ्या वाटतंय. त्यांनी ड्रायव्हरच्या सीटखालून गोणपाट काढलं, दोन पोती उसवून एकत्र शिवलेलं, ते फळीवर अंथरलं आणि चारी कोपरे पायानं दाबले. माझ्याकडं बघितलं नाही त्यांनी. पोरानं नुसती म्होरकी धरली आणि पुढं चालायला लागला, आणि ती त्याच्यामागं चढून गेली, एक टाप वाजली नाही.

मग त्यांनी गोणपाट झटकलं, घडी घातली आणि परत सीटखाली सारलं.